आशेचा सौदा

बाजारात ज्या वस्तूंची खरेदी-विक्री होते त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतील. ज्वारीचे पोते, लुगडे, विळा या वस्तू आज जशा आहेत तशा विकल्या जातात. घेणारा त्या हाताळून पाहतो, पारखतो, पैसे मोजतो आणि व्यवहार तेथेच संपतो. आंब्याचे कलम, बियाण्याची पिशवी किंवा दावणीचा गोऱ्हा यांची गोष्ट मात्र निराळी आहे. या वस्तू उद्या काय होतील या अपेक्षेवर त्यांची किंमत ठरते. पैसे आज हातावर पडतात, पण खरा माल भविष्याच्या पोटात असतो. म्हणजे येथे वस्तूबरोबर आशाही विकली जाते. आशा ही ख्रिस्ती धर्मातील तीन ईश्वरविषयक सद्गुणांपैकी एक आहे. तिला बाजारात किंमत लावता येते का, आणि लावली तर ती कोणत्या अटींवर न्याय्य ठरते, हा प्रश्न म्हणूनच कायद्यापुरता उरत नाही. तो नीतीचाही प्रश्न होतो. एका लहानशा, प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावरून आम्ही त्याचा विचार करू इच्छितो. ते उदाहरण आहे कुत्र्याच्या पिल्लाचे.

आमच्या बीड जिल्ह्यात कुत्रे ही फारशी विकत घेण्याची वस्तू नव्हती. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मेंढरे राखणारा धनगर असो वा शेतात वस्ती करून राहणारा शेतकरी असो, त्याच्या दारी कुत्रे असायचेच; पण पिल्लू शेजारच्या वस्तीवरून मागून आणायचे, अशीच रीत होती. गेल्या काही दशकांत चित्र पालटले आहे. बीड, अंबाजोगाई, परळी अशा शहरांतील घरांत लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड सहज दिसतात. देशी जातींचेही भाग्य उजळले आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव सडपातळ, वेगवान कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाई-बैल आणि कोंबड्यांप्रमाणे कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी जातींची कुत्री पाळण्याचे आवाहन केले. साहजिकच कुत्र्यांची पैदास हा काही तरुणांचा जोडधंदा झाला. कोरडवाहू शेतीवर ज्यांचे भागत नाही, त्यांनी असा मार्ग शोधला तर त्यात गैर काहीच नाही.

धंदा आला की करार येतो. एका विणीतील पिल्लांची येथे दोन प्रकारांत वाटणी होते. घरात पाळण्याजोगे ते 'पेट क्वालिटी' आणि प्रदर्शनात उतरविण्याजोगे ते 'शो क्वालिटी'. समजा, पहिल्याची किंमत दहा हजार रुपये असेल तर दुसऱ्याची पंचवीस हजार सांगितली जाते. करारपत्रावर मात्र 'शो क्वालिटी' असे निखळ विधान बहुधा नसते. पिल्लू प्रदर्शनाच्या योग्यतेचे 'होण्याची शक्यता आहे', असे सावध शब्द असतात. खाली आणखी काही कलमे असतात. पिल्लू मोठेपणी अपेक्षेप्रमाणे न निघाल्यास विक्रेता जबाबदार नाही. किंवा, दोष निघाल्यास पिल्लू परत करावे, बदली दुसरे दिले जाईल. किंवा, मादीच्या पहिल्या विणीतील एक पिल्लू विक्रेत्याला निवडून घेता येईल. आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या कुटुंबाने असा कागद पुढे ठेवून 'फादर, यावर सही करावी काय?' असे विचारले, तर धर्मगुरूने काय उत्तर द्यावे?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. आठ आठवड्यांच्या पिल्लाविषयी माणसाला कितपत कळू शकते? आईबाप कोण, हे कळते. रंग, अंगलट, डोळ्यांतील चपळाई दिसते. पण दुधाचे दात पडून कायमचे दात येण्यास सहा-सात महिने लागतात. वरच्या व खालच्या दातांची जुळणी बरोबर बसेल की नाही, हे तोवर सांगता येत नाही. नराचे दोन्ही अंडकोश खाली उतरले नाहीत तर तो प्रदर्शनात बाद ठरतो, आणि कित्येक पिल्लांत त्याची खात्री काही महिने पटत नाही. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष क्ष-किरण चित्रात खात्रीने दिसण्यास वर्ष-दोन वर्षे जावी लागतात. उंची किती भरेल, गर्दीत ते बुजेल की डौलाने उभे राहील, हे सारे काळच ठरवितो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र हाती असले तरी ते वंशावळ सांगते, गुणवत्तेची हमी देत नाही. सारांश, भविष्याविषयी विकणारा आणि घेणारा दोघेही अज्ञानी असतात. भूतकाळाविषयी मात्र विकणाऱ्याला पुष्कळ ठाऊक असते. पिल्लाच्या आईला काय विकार होता, मागच्या विणीतील पिल्लांचे पुढे काय झाले, हे तो जाणतो. दोन अज्ञानांची समानता आणि दोन ज्ञानांची असमानता हा या सौद्याचा पाया आहे.

हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. नेकनूरच्या जनावरांच्या बाजाराची कीर्ती बीड जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? बैलबाजाराने या अडचणीवर फार पूर्वी काही उपाय शोधले. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला, अशा पायऱ्या ठरल्या आणि प्रत्येक पायरीगणिक किंमत बदलली. आदत गोऱ्हा घेणारा आशा विकत घेतो, जुळलेला बैल घेणारा प्रत्यक्ष बळ विकत घेतो, हे दोघांनाही उमगलेले असते. बैल 'जसा आहे तसा' विकला तर एक भाव आणि 'कामाच्या बोलीवर' विकला तर दुसरा. बोलीवर दिलेला बैल औताला चालला नाही तर तो परत घ्यावा लागतो. शिवाय आपल्या भाषेने या बाजारातून एक फार मोलाचा शब्द उचलला आहे. जनावराच्या अंगावरील केसांच्या विशिष्ट लांबट वळणाला गोम म्हणतात; ती अशुभ समजली जाई आणि विकणारा ती झाकू पाही. त्यावरूनच 'यात काहीतरी गोम आहे' असे आपण कोणत्याही लपविलेल्या दोषाविषयी म्हणतो. केसांच्या वळणावर शुभाशुभ ठरविणे हा अर्थात भ्रम आहे. पण जे ठाऊक आहे ते झाकणे हीच व्यवहारातील खरी खोट, हे सामान्यांचे नीतिज्ञान त्या शब्दात साठलेले आहे.

रोमन विधिज्ञांनी याच विषयात एक सूक्ष्म भेद केला. कोळ्याने जाळे टाकण्यापूर्वीच कोणी त्याला म्हणाले, 'या जाळ्यात जे येईल ते माझे, हे घे पैसे', तर तेथे प्रत्यक्ष आशेचीच विक्री झाली. जाळे रिकामे आले तरी पैसे बुडाले. तक्रार करता येत नाही. पण कोणी म्हणाले, 'येत्या हंगामात तुझ्या मळ्यात जे द्राक्षाचे पीक येईल ते मी अमुक दराने घेईन', तर तेथे अपेक्षित वस्तूची विक्री झाली. पीक आलेच नाही तर किंमत देणे उरत नाही. दोन्ही सौदे न्याय्य असू शकतात. मात्र आपण कोणता सौदा करीत आहोत, हे दोन्ही पक्षांना स्पष्ट ठाऊक हवे, आणि किंमत त्या सौद्याला साजेशी हवी. रिकाम्या जाळ्याचा धोका पत्करणाऱ्याकडून भरलेल्या जाळ्याची किंमत घेणे, हा आशेच्या नावाखाली केलेला अन्याय होय.

पवित्र शास्त्रातही हाच विवेक आढळतो. लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम आहे. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ मालकाकडे परत जायची, म्हणून तोपर्यंत जितकी पिके यायची बाकी असतील तितक्यांच्या हिशोबाने किंमत ठरवावी. वर्षे अधिक असतील तर अधिक, कमी असतील तर कमी. तेथे वास्तविक जमीन विकली जात नाही, पिकांची संख्या विकली जाते, असा त्या नियमाचा भावार्थ आहे. आणि त्या नियमाच्या अलीकडे-पलीकडे एकमेकांना फसवू नका, ही आज्ञा दोनदा येते. न आलेल्या पिकाची किंमत घेणे परमेश्वराने निषिद्ध केले नाही. त्याने तिला माप घालून दिले.

हे माप आपल्या उदाहरणाला लावून पाहू. साधे पिल्लू दहा हजारांचे आणि 'शक्यते'चे पंचवीस हजारांचे असेल, तर वरचे पंधरा हजार ही शुद्ध आशेची किंमत झाली. पिल्लू तेच, खाणेपिणे तेच, लसही तीच. आता विक्रेता एका हाताने हे पंधरा हजार घेतो आणि दुसऱ्या हाताने 'पुढे काहीही निघाले तरी मी जबाबदार नाही' असे कलम लिहितो. म्हणजे आशेचा नफा त्याने घेतला आणि निराशेचा सारा तोटा दुसऱ्याच्या पदरी टाकला. आमच्या मते नैतिक दोष नेमका येथे आहे. 'शक्यता' हा शब्द वापरणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. उलट तो प्रामाणिक शब्द आहे. पण तो शब्द किंमत वाढविताना खात्रीसारखा वापरायचा आणि जबाबदारी टाळताना केवळ शक्यता म्हणून वापरायचा, हा दुटप्पीपणा आहे. होय तर होय आणि नाही तर नाही, एवढेच आपले बोलणे असावे, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. एकाच शब्दातून सोयीप्रमाणे कधी होय आणि कधी नाही काढणे, ही त्या शिकवणुकीची पायमल्ली ठरते. जो आशेची किंमत घेतो त्याने निराशेचाही वाटा उचलला पाहिजे.

यावर एक बळकट आक्षेप येऊ शकतो. घेणारा सज्ञान आहे, त्याने कागद वाचला आहे, सही केली आहे. जो राजीखुशीने धोका पत्करतो त्याच्यावर अन्याय होत नाही. कायद्याचा कलही बऱ्याच अंशी असाच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे. तेथे उदाहरण घोड्याचे दिले आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा काहीच बोलला नाही, तर ते कपट ठरत नाही. पण घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की 'तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन', तर तेथील मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. १९३० च्या मालविक्री कायद्यातही 'ग्राहकाने सावध राहावे' हे तत्त्व आहे. परंतु ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे, अशी अट कायदा गृहीत धरतो. 'मला प्रदर्शनासाठी पिल्लू हवे आहे' असे सांगून आलेला ग्राहक याच अपवादाच्या छायेत उभा असतो, हे विक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे.

ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने कायदा ही किमान मर्यादा आहे. घोड्याच्या उदाहरणातील मुलीचा उल्लेख पुन्हा पाहा. नाते असले की सत्य सांगावे लागते, हे कायदाही मान्य करतो. मग आपला शेजारी कोण, हा शुभवर्तमानातला प्रश्न येथे उभा राहतो. ज्याला आपण बंधू म्हणतो, ज्याच्यासह एका वेदीभोवती मिस्साबलीत सहभागी होतो, त्याच्याशी व्यवहार करताना 'तो माझी मुलगी थोडाच आहे?' असे म्हणता येईल काय? आणि बिगरख्रिस्ती ग्राहकाला आपण निराळे माप लावणार काय? भल्या शोमरोनीने वाटेतल्या जखमी माणसाचा धर्म विचारला नाही.

या बाबतीत प्राचीनांचे मतभेद उद्बोधक आहेत. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात एक व्यापारी येतो. दुष्काळात सापडलेल्या ऱ्होड्स बेटावर तो धान्य घेऊन प्रथम पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे काय? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, गरज नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे झुकतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये हाच प्रश्न घेतला आणि अधिक व्यवहारी उत्तर दिले. उद्याचा बाजारभाव सांगण्याचे बंधन न्यायाने येत नाही. पण हातातल्या वस्तूचा लपलेला दोष, ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल वा त्याला धोका पोहोचेल, तो सांगितलाच पाहिजे. एकाक्ष घोडा असेल तर दोष उघड दिसतो. तेथे किंमत उतरविली म्हणजे पुरे. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे हे पाप आहे. आणि विकताना दोष विक्रेत्यालाही ठाऊक नसला, तर त्याला पाप लागत नाही. मात्र पुढे तो कळून आल्यावर भरपाई करण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. 'मला तरी कुठे ठाऊक होते?' हे उत्तर दोषापासून मुक्त करील, भरपाईपासून करणार नाही. हा भेद आपल्या व्यवहारांत आपण किती वेळा विसरतो!

न्यायाची तागडी दोन्ही बाजूंनी पाहिली पाहिजे. घेणाराही निष्पापच असतो असे नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात एका ग्राहकाचे मार्मिक चित्र आहे; माल घेताना तो नावे ठेवतो आणि घरी गेल्यावर फुशारकी मारतो. एखाद्या जाणत्याला खेड्यातल्या गरीब माणसाच्या दारी जातिवंत कारवानीचे पिल्लू दिसले आणि मालकाला तिची जात ठाऊकच नसली, तर? सोने पितळ समजून विकणाऱ्याकडून ज्याने ते सोने आहे हे ओळखून घेतले, त्याने परतफेड केली पाहिजे, असे संत थॉमस स्पष्ट सांगतात. ज्ञानी माणसाच्या नजरेला मोबदला मिळावा हे खरे. वर्षानुवर्षे डोळा तयार करून त्याने केलेला अंदाज ही त्याची कमाई आहे. पण अंदाज वेगळा आणि माहिती वेगळी. 'हे पिल्लू चांगले निघेल' हा अंदाज मनात ठेवता येतो. 'हे पिल्लू अमुक जातीचे आहे' ही माहिती अज्ञान्यापासून लपविता येत नाही.

येथवर आम्ही दोन पक्षांचा विचार केला. परंतु या करारात तिसराही एक आहे. त्याची सही कोठेच नसते. तो म्हणजे ते पिल्लू. कोळ्याच्या जाळ्याचा किंवा द्राक्षाच्या पिकाचा दृष्टांत येथे अपुरा पडतो. सोडतीचे तिकीट लागले नाही तर फाडून टाकता येते. आशा फसल्यावर पिल्लू मात्र तसेच समोर उभे असते, शेपूट हलवीत. आपण बाद ठरलो आहोत, हे त्याला ठाऊक नसते. वर्षभर घरातल्या मुलांबरोबर वाढलेले, त्यांच्या पावलांचा आवाज ओळखणारे कुत्रे दातांची जुळणी चुकली म्हणून परत करावे आणि बदली दुसरे आणावे, असे कलम जेव्हा आपण वाचतो, तेव्हा नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवते. त्या गरीब माणसाची एकुलती एक कोकरी त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताने ती नेली तेव्हा त्याने एक जनावर तर नेलेच, शिवाय एक नाते तोडले. परतीचे कलम वरवर पाहता ग्राहकाच्या हिताचे दिसते. पण बहुतेक वेळा ते विक्रेत्याला वाचविते, कारण जीव लावलेले कुत्रे परत करण्यास कोणी धजत नाही, हे तो जाणून असतो. आणि जो धजतो, त्याने परत केलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते, याविषयी कागद मूक असतो.

'कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण' हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांना निष्कारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. त्याचबरोबर, माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा प्रथम खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही, असे बजावतो. या दोन्ही अंगांचे भान आपणास हवे. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात केवळ मिरविण्यासाठी कुत्र्यावर वारेमाप खर्च करणाऱ्याने आपल्या शेतमजुराच्या मुलांकडे एकदा पाहावे. पण एकदा जीव घरात आणला की 'हे तर नुसते जनावर' म्हणून त्याला टाकण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, हा शास्त्राचाच दाखला आहे. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही बरोबर चालतो. त्या कुत्र्याची जात किंवा डौल लेखकाने सांगितलेला नाही. तो बरोबर होता, एवढेच सांगितले आहे.

शासनानेही थोडीफार दखल घेतली आहे. श्वानांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र शासनाने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, लस टोचल्याविना विकू नये आणि दीड वर्षाच्या आतील मादीची वीण करू नये, असे बंधन आहे. अखेरचे बंधन विशेष महत्त्वाचे. ज्या आशेचा सौदा होतो तिचे ओझे त्या मुक्या आईच्या शरीरावर पडते. 'पहिल्या विणीतील एक पिल्लू माझे' हे कलम जेव्हा विक्रेता घालतो, तेव्हा घेणाऱ्याने मादी फळविलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात दडलेली असते. शेळी किंवा कालवड निम्म्या वाट्याने सांभाळायला देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच आणि ती स्वभावतः वाईट नाही. तिच्यामुळे भूमिहीनाच्या दारी जनावर येते. पण वाटे आधीच स्पष्ट हवेत. लाबान आणि याकोब यांच्यात ठिपकेदार व काळ्या मेंढरांचा जो करार झाला, तो न जन्मलेल्या पिल्लांचाच होता. लाबानाने मजुरी दहा वेळा बदलली, अशी याकोबाची तक्रार होती. शिवाय कळपातले जनावर श्वापदाने फाडले तर तो तोटा आपण सोसला, हेही याकोब सांगतो. आणि याकोबाचीही चतुराई काही कमी नव्हती. सासरा-जावयाच्या त्या नात्यात अखेर उरले काय? सीमेवर रचलेली दगडांची रास आणि एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी परमेश्वराला घातलेली साक्ष. अस्पष्ट करार नाती कोठवर नेतात, याचे याहून बोलके चित्र कोणते?

आणखी एक घटना सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावची बातमी जगभर गेली. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होती आणि पिल्ले दगावत होती. वानरांनी सूड उगविला, अशा कथा रंगल्या, मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक फुगत गेला. शेवटी वनखात्याने वानरे पकडून नेली आणि जग दुसऱ्या विषयाकडे वळले. त्या पिल्लांना बाजारात दमडीचीही किंमत नव्हती. एका पिल्लासाठी मुद्रांकाचा कागद आणि दुसऱ्यासाठी केवळ करमणुकीची बातमी, असे अंतर आपण माणसांनी निर्माण केले आहे. निर्माणकर्त्याच्या हिशोबात ते आहे, असे मानण्यास आधार नाही. दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांतली एकही पित्याच्या नजरेतून सुटत नाही, हे आपण प्रभूच्या मुखातून ऐकले आहे.

मग त्या कागदाचे काय करावे? आमच्या अल्प मतीनुसार न्याय्य करारात पाच गोष्टी असाव्यात. पहिली, आई-बापांचे आणि मागील विणींचे ज्ञात दोष विक्रेत्याने लेखी सांगावेत. भविष्य त्याच्या हाती नाही, पण भूतकाळ आहे. दुसरी, 'शक्यता' म्हणजे नेमके काय आणि कोणत्या वयात कोणी तपासून ठरवायचे, हे लिहावे. दात, उंची, सांधे अशा मोजता येणाऱ्या गोष्टी घ्याव्यात, बक्षीस मिळेल की नाही हे घेऊ नये, कारण बक्षीस परीक्षकाच्या पसंतीवर अवलंबून असते. तिसरी, आशेची जी वेगळी किंमत आहे ती वेगळी दाखवावी. ती दीड-दोन वर्षांनी द्यावी किंवा आशा फसल्यास तिचा ठरलेला भाग परत करावा. पिल्लू मात्र घरीच राहील. चौथी, सांभाळ अशक्य झाल्यास कुत्रे रस्त्यावर न सोडता विक्रेत्याने ते परत स्वीकारावे, मग त्याचे वय काहीही असो. पाचवी, घेणाऱ्यानेही खाणे, लस आणि व्यायाम यांची जबाबदारी लेखी घ्यावी. उपाशी ठेवून वाढ खुंटली तर दोष वंशाचा नव्हे. अशा करारावर सही करण्यास कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाने कचरू नये. आणि विक्रेता यास तयार नसेल तर साध्या किमतीत साधे पिल्लू आणावे. त्याची माया काही कमी प्रतीची निघणार नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, एका पिल्लासाठी एवढी मीमांसा कशाला? कारण जी सवय पिल्लाच्या बाबतीत लागते ती तेथेच थांबत नाही. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल म्हणजे अजून न केलेल्या कष्टांचा सौदा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दोघांपैकी कोणी आजारी पडले तरी फेड मात्र अंगावर राहते. तेथेही प्रश्न तोच आहे. उद्याचा धोका कोणी सोसायचा? आणि आपल्या घरात? मुलाची दहावी-बारावी आली की आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? शिकवणी वर्गाचे शुल्क भरताना आपल्याही मनात एक न लिहिलेले कलम असते काय, की एवढे खर्चतो आहोत तर अमुक निघालेच पाहिजे? गुण कमी पडल्यावर ज्या मुलाला घरातल्या घरात 'बाद' झाल्यासारखे वाटते, त्याच्याशी आपण कोणता करार केला होता?

आपल्या मराठी बायबलच्या दोन भागांना जुना करार आणि नवा करार अशी नावे आहेत. बाजारात वापरतो तोच शब्द. पण त्या करारात परमेश्वराने मनुष्याला तो पुढे काय होईल या शक्यतेवर पारखून घेतले नाही. इस्राएल पुनःपुन्हा अपेक्षेस उतरला नाही, पेत्र अंगणातल्या शेकोटीपाशी तीनदा नाकबूल झाला, तरीही परतीचे कलम कोठे वापरले गेले नाही. आशेचा सारा तोटा परमेश्वराने स्वतःच्या अंगावर घेतला. क्रूसाचा अर्थ याहून निराळा तो काय? बाप्तिस्म्याच्या कुंडाशी आणलेल्या बालकाविषयी ख्रिस्तसभा विचारते ती त्याचे नाव आणि त्याच्या वतीने श्रद्धा. ते मोठेपणी कोण होईल, हे ती विचारीत नाही.

माणसांच्या बाजारात आपण असा करार करू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. तेथे मोजमाप लागणारच, पावती लागणारच आणि साक्षीदारही लागणार. परंतु सही करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारता येईल: या कागदात ज्याची आशा मी विकतो किंवा विकत घेतो आहे, ती फसली तर त्याचे काय होईल, याची तरतूद मी केली आहे काय? उत्तर होय असेल तर खुशाल सही करावी.